विश्लेषण : एमआरआय ‘नॉर्मल’, तरीही पक्षाघात? चक्कर आलेल्या रुग्णाचे डोळे काय सांगतात?

अचानक सुरू झालेली आणि तासन् तास न थांबणारी गरगर, उलट्या, धड उभेही राहता न येणे. अशा बहुतेक रुग्णांत बिघाड असतो तो आतल्या कानाकडून येणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूत. काहींना मात्र लहान मेंदूचा किंवा मस्तिष्कस्तंभाचा पक्षाघात झालेला असतो. हातपाय चालतात, बोलणे स्पष्ट असते. त्यामुळे संशयही येत नाही. स्कॅन ‘नॉर्मल’ आला की रुग्ण घरी जातो.

स्कॅन कुठे कमी पडतो?

सीटी स्कॅन रक्तस्राव चटकन दाखवतो. पण गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटला असेल, तर पहिल्या काही तासांत त्यात फारसे दिसत नाही. कवटीच्या मागच्या, जाड हाडांआडच्या भागात तर आणखीच कमी. एमआरआय त्याहून बराच सरस, पण अचूक नव्हे. कट्टाह, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या ४८ तासांतील एमआरआयमधून १२ टक्के पक्षाघात निसटले होते. डोळ्यांच्या तीन चाचण्यांतून एकही निसटला नाही.

या चाचण्या कोणत्या?

‘हिंट्स’ नावाने त्या ओळखल्या जातात. रुग्णाला समोर नजर रोखायला सांगून डॉक्टर त्याचे डोके झटकन वळवतात. कानाचा दोष असेल तर नजर सुटते आणि बुबुळे झटका देऊन परत येतात. नजर जागेवरच राहिली, तर उलट काळजी वाढते! डोळ्यांची थरथर बघण्याच्या दिशेनुसार उलटते का, आणि एकेक डोळा झाकला असता बुबुळ वर-खाली सरकते का, हे उरलेल्या दोन चाचण्यांत पाहतात. यापैकी एक जरी खूण मेंदूकडे बोट दाखवणारी असली, तरी पक्षाघात गृहीत धरायचा.

मग स्कॅन नकोच का?

तसे नाही. त्या अभ्यासात तपासणारे तज्ज्ञ होते. सराव नसलेल्या हातांत हीच चाचणी फसवते. कुशीवर वळताना क्षणभर येणाऱ्या चकरेत तर ती लागूच पडत नाही. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट सीटी नको, प्रशिक्षित डॉक्टरने आधी डोळे तपासावेत, अशीच भूमिका घेतली. डोळ्यांत खूण दिसूनही पहिला एमआरआय स्वच्छ आला, तर रुग्णाला दाखल ठेवून काही दिवसांनी तो पुन्हा काढावा लागतो.