वळणावरचा माणूस

बर्फाच्या डोंगरावर पैसेवाल्यांना स्कीइंगसाठी वर नेणारी खुर्ची, तिचा आणि रेल्वे कामगाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जन्माचा आहे. जगातली पहिली चेअरलिफ्ट अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ओमाहा येथील इंजिनिअरिंग खात्यात जन्मली. जहाजावर केळीचे घड चढविण्यासाठी फिरत्या दोराला आकडे लावत, ती युक्ती ठाऊक असलेल्या जेम्स करन या इंजिनिअरने आकड्याच्या जागी खुर्ची टांगली. वरिष्ठांना ते धोक्याचे वाटले. मग ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधून चाचण्या झाल्या, आणि डिसेंबर 1936 मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे लिफ्ट सुरू झाली. हिवाळ्यात गाड्यांना प्रवासी मिळावेत, यासाठी रेल्वे कंपनीने केलेला हा खटाटोप होता.

पण दोराला वळण घेता येत नाही. आपला रूळ वाकवता येतो, बाहेरचा रूळ उचलून कँट देता येतो, चेक रेल घालता येते. ताणलेला दोर मात्र सरळच जाऊ पाहतो. म्हणून 1939 साली सन व्हॅलीतल्याच बाल्ड माउंटनच्या माथ्यापर्यंत एकीपुढे एक अशा तीन लिफ्ट बांधाव्या लागल्या. एकीवरून उतरायचे, दुसरीवर बसायचे. आर.एम.एस.मधल्या बंधूंना जंक्शनवर थैल्या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकण्याचे काम आठवेल, तसेच हे. आपल्या बोरघाटातही 1863 च्या मार्गावर गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने काढावी लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 साली नव्या मार्गामुळे गेले. गुलमर्गच्या गोंडोलात आजही अफरवतला जायचे तर कोंगडोरीला उतरून दुसऱ्या टप्प्याच्या पाळण्यात बसावे लागते.

नव्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये प्रवासी उतरतच नाही. डोंगराच्या मध्यावर, जिथे दिशा बदलायची, तिथे एक स्टेशन असते. खुर्चीची पकड तिथे दोरापासून सुटते. खुर्ची वाकड्या रुळावर येते, वर ओळीने बसवलेली रबरी टायर तिला पुढे ढकलतात. दोरावर सेकंदाला 5 मीटरच्या आसपास असलेला वेग स्टेशनात 1 मीटरच्या आसपास उतरतो. तेवढ्यात दोर मोठ्या चाकांवरून वळवून नव्या दिशेला काढलेला असतो. पलीकडच्या तोंडाशी खुर्चीचा वेग पुन्हा वाढतो आणि पकड दोराला बसते. ऐकायला सोपे वाटते. पण दोरावर समजा 20 टन ताण आहे आणि वळण 30 अंशांचे आहे, तर दोराची एकच बाजू त्या चाकांना 10 टनांहून अधिक जोराने आत ओढत असते, आणि बाजू दोन असतात. हे ओझे दिवसरात्र, लिफ्ट बंद असतानाही असते.

या स्टेशनात पकडीची परीक्षाही होते. पकड पुरेशी घट्ट बसली नाही तर लिफ्ट आपोआप थांबते. घाट उतरताना गाडीला कॅच सायडिंगपाशी आधी थांबून दाखवावे लागते आणि मगच पुढचा रस्ता मिळतो, त्यातलाच हा प्रकार. पकडीचे महत्त्व किती, हे 23 डिसेंबर 1995 रोजी कॅनडातील व्हिसलर येथे दिसले. क्विकसिल्व्हर नावाची लिफ्ट तातडीने थांबविल्यावर एका खुर्चीची पकड उतारावर घसरली, ती खालच्या खुर्च्यांवर आदळली, चार खुर्च्या कोसळल्या. दोघांचा जीव गेला.

आमचा मुद्दा पुढेच आहे. मधल्या स्टेशनात कोणी चढत नाही, उतरत नाही, तर तिथे माणूस कशाला, असे व्यवस्थापनाला वाटणारच. सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत, म्हणजे जागा सरप्लस. हा हिशेब आपल्याला नवा नाही. सेन्सर आपले काम करतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण रुळावर बर्फ धरू लागला आहे, कप्पीचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा येतो आहे, खुर्चीत मूल एका बाजूला झुकले आहे, हे बिघाडाच्या आधी कळते ते रोज तिथे उभे राहणाऱ्याला. कीमन हातोडा घेऊन पायी का चालतो, हे ज्याला समजते त्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि माणूस ठेवला तरी त्याला थांबविण्याचा अधिकार हवा. इटलीतील स्त्रेसा ते मोत्तारोने या रोपवेला मध्ये आल्पिनो नावाचे स्टेशन होते. तिथे पाळणे दोराला टांगलेले, म्हणजे जात वेगळी, पण धडा आपल्या उपयोगाचा. 23 मे 2021 रोजी ओढणारा दोर तुटला आणि 14 जण ठार झाले. आपत्कालीन ब्रेकने पाळणा धरायला हवा होता. तपासात निघाले की ब्रेकला लोखंडी चिमटे लावून तो मुद्दाम निकामी ठेवला होता. कारण ब्रेक वारंवार लागत होता, सेवा बंद पडत होती. ब्रेक दुरुस्त करायला वेळ लागतो आणि त्या वेळात तिकीट विकता येत नाही! चिमटा ज्याच्या हाताने बसतो तो कामगार असतो, पण बंद पडलेल्या सेवेबद्दल त्याला जाब कोण विचारत असते, हेही पाहिले पाहिजे.

आता हे आपल्या दाराशी येत आहे. केंद्र सरकारने पर्वतमाला योजनेत देशभर रोपवे बांधण्याचे ठरविले. वाराणसी कँट रेल्वे स्टेशनपासून गोदौलियापर्यंतच्या पाच स्टेशनांच्या रोपवेचा शिलान्यास 24 मार्च 2023 रोजी झाला. तो मार्ग रथयात्रेपाशी पूर्वेकडे वळतो, म्हणजे डोंगर नसला तरी वळणाचा प्रश्न तोच. रेल्वेच्या आवाराला लागून चालणाऱ्या या सेवेत दोराची तपासणी करणारा, पकडीला तेल देणारा, वळणावर उभा राहणारा माणूस कोणाच्या पटावर असेल? सहा महिन्यांच्या कंत्राटावर असेल, तर लाल बटण दाबण्यापूर्वी तो एकदा नोकरीचा विचार करील.

तेव्हा आमची मागणी अशी. रोपवेच्या प्रत्येक वळण स्टेशनात दोराच्या दोन्ही बाजू दिसतील अशी केबिन नकाशातच दाखवावी. तिथे पाळीचा कायम कर्मचारी, टेलिफोन आणि थांबविण्याचे बटण असावे. आणि बटण दाबल्याबद्दल चार्जशीट देता येणार नाही, असे सेवानियमांत लिहावे. वाराणसी, लखनौ आणि उत्तराखंडातील शाखांनी आपापल्या अधिवेशनात हा ठराव घेऊन मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावा.