संगणकाशी गट्टी : यादीतलं एक नाव



आमच्या शाळेत एकच संगणक. मागच्या वर्षी तो बिघडला. दुरुस्तीवाल्या काकांनी त्यात विंडोज १० नव्यानं घातली, पण बिघडलेली जुनीही तशीच ठेवली. तेव्हापासून संगणक सुरू केला, की पडद्यावर दोन नावं यायची. दोन्ही विंडोज १० च! चुकीचं निवडलं, की यंत्र अडकून बसायचं आणि तासाची दहा मिनिटं फुकट.

सातवीतला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "बाई, एक आज्ञा दिली की नाव गायब! पुसू?"

तेवढ्यात एक मुलगी रडवेली झाली. "नको ना! जुन्या विंडोजमध्ये आपल्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत. ते पण जातील!"

तुम्हांला काय वाटतं, जातील?

असं बघा, हजेरीपटावरून नाव कमी केलं म्हणून मुलगा गावातून नाहीसा होतो का? नाही ना! संगणकाचंही तसंच. सुरू होताना तो एक छोटी वही वाचतो. कुठली विंडोज डिस्कच्या कुठल्या भागात आहे, ते तीत लिहिलेलं असतं. एक्सपीच्या वेळी ही 'बूट डॉट आयएनआय' नावाची साधी फाइल होती. २००७ साली विस्टा बाजारात आली, आणि या वहीच्या जागी 'बीसीडी' आलं. त्यात बदल करण्याची आज्ञा म्हणजे 'बीसीडीएडिट'.

आम्ही कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडली. इंग्रजी अक्षरांत नुसतं 'बीसीडीएडिट' लिहून एंटर दाबलं. यादी हजर! नावं सारखी, पण 'डिव्हाइस'पुढं एका नोंदीत सी होतं, दुसरीत डी. सी असलेलीची ओळख होती 'करंट', म्हणजे आत्ता चालू असलेली. तिला हात लावायचा नाही! जुनीची ओळख म्हणजे महिरपी कंसातली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ.

आधी 'एक्सपोर्ट' वापरून वहीची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली. चूक झालीच, तर 'इम्पोर्ट'नं ती परत आणता येते. मग 'डिलीट' आणि पुढं ती माळ. मुलानं लिहिली, मुलीनं एकेक अक्षर ताडून पाहिलं. कारण ही आज्ञा "नक्की पुसू ना?" असं विचारत बसत नाही!

एंटर दाबलं. संगणक बंद करून पुन्हा लावला. थेट विंडोज सुरू! आणि फोटो? डी भाग उघडला, तर सगळे जागच्या जागी. त्यात आमची रडवेली ताई राणीच्या पोशाखात ऐटीत उभी!

पुसायला एक क्षण लागला, वाचायला मात्र पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं कधी वाचवू नका हं! आणि घरच्या संगणकावर असलं काही करायचं, तर मोठ्यांना सोबत घेऊनच.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई