कवितेला भीक नको, परीक्षण हवे

तासगावच्या बाजारात आलेला बेदाणा रंग आणि आकार पाहून निवडला जातो. डागी माल कुणी चांगल्याच्या भावाने घेत नाही. याच तालुक्यात छापल्या जाणाऱ्या कवितासंग्रहांची, पुस्तिकांची मात्र निवड-पाखड करायला कुणी तयार नाही. कवी पदरमोड करून पुस्तक छापतो, पुढारी प्रकाशन करतो, प्रस्तावनाकार पाठ थोपटतो आणि गठ्ठे माळ्यावर जातात. पुण्यामुंबईची नियतकालिके या पुस्तकांची पोचही क्वचितच देतात, हे खरे. पण त्यांच्या नावाने बोटे मोडली की आपली जबाबदारी संपली काय?

आपल्या चळवळीचा अपराध तर निराळाच आहे. कवितेत दुष्काळ, कर्ज, शेतमजूर आला की ती कविता ‘आपली’ म्हणून आपण डोक्यावर घेतो. गुण देतो ते विषयाला. कविता वाचतच नाही. यात कष्टकरी कवीचा सन्मान कसला? त्याच्याकडून अधिक काही अपेक्षिण्याचे कारण नाही, असेच आपण सभ्य भाषेत त्याला सांगत असतो. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) टिकला तो कवी कामगार होता एवढ्याने नव्हे. कामगाराचे बोलणे तेथे कवितेची भाषा झाले म्हणून. १९७२ च्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांच्या अनोळखी जगात शिरण्याचे कष्ट घेतले. आमचे प्रस्तावनाकार कवितेच्या किती ओळी वाचतात?

परखडपणा उसना आणायला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील नांद्र्यात जन्मलेल्या राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’सारख्या प्रतिष्ठित मासिकाची झाडाझडती अनियतकालिकांतून घेतली. १९६९ मधली ‘सत्यकथे’ची होळी सर्वांच्या लक्षात राहिली (होळी लक्षात ठेवणे सोपे असते!), त्यामागचे वाचन विसरले गेले. ढाले यांचा सूर अनेकदा बोचरा असे. परंतु ज्याला झोडपायचे ते त्यांनी आधी बारकाईने वाचलेले असे.

कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळ १९३९ पासून आहे. संक्रांतीला तेथे संमेलन भरते. तासगावातही वाचनालये आहेत, आपल्या शाखा आहेत. शाखेने वर्षातून चार पुस्तके विकत घ्यावीत, फुकट मागू नयेत, आणि एकेका पुस्तकावर उघड चर्चा घडवावी. फसलेली ओळ फसली म्हणून सांगावी, साधलेली का साधली तेही सांगावे. कवी समोर बसलेला असावा आणि उलट उत्तर देण्याची त्याला पूर्ण मोकळीक असावी.