घोड्याचा दम मोजायचा कसा?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा भाव ठरतो चालीवर आणि देखणेपणावर. दम किती, ते घोडा घरी आणल्यावरच कळते.

दम पाहणाऱ्या दोन स्पर्धा अमेरिकेत रुजल्या आहेत. दोन्हींत मैलोगणती रानवाट तुडवायची, म्हणून लोक त्या एकच समजतात. तसे नाही. ‘एन्ड्युरन्स’मध्ये पहिला येईल तो जिंकतो. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप 1955 पासूनची. पल्ला 100 मैल, मुदत 24 तास. पण वाटेत जनावरांच्या डॉक्टरांचे नाके असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत नाडी मिनिटाला 64 च्या आसपास उतरेपर्यंत घड्याळ थांबतच नाही. घोडा भरधाव सोडून आधी पोचलात आणि तो धापा टाकतोय, तर कमावलेली मिनिटे तिथेच गेली. लंगडला तर बाद. शेवटच्या तपासणीत नापास झाला, तर पहिला नंबरही जातो.

‘काँपिटिटिव्ह ट्रेल रायडिंग’मध्ये मात्र लवकर येणाऱ्याचेही गुण कापतात! नॉर्थ अमेरिकन ट्रेल राइड कॉन्फरन्स ही संस्था 1961 पासून हेच काम करते. कमीत कमी व जास्तीत जास्त वेळ आधीच ठरलेली. गुण मिळतात घोड्याच्या तब्येतीला, अडचणीच्या वाटेवरच्या वागण्याला आणि स्वाराच्या हाताळणीला.

घरी एकच घोडा असेल, तर सराव या दुसऱ्या पद्धतीनेच सुरू करावा, असे माझे मत. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, चौपट करा. विसाव्यात 28 ते 44 भरतात. रपेटीनंतर दहा मिनिटांनी पुन्हा मोजून वहीत लिहा. आकडा 64 च्या वर राहत असेल, तर पल्ला वाढवायची घाई नको.