लॅपटॉपवर थोडे कमी, टेबलावर थोडे जास्त

घरात एकच संगणक घ्यायचा असेल तर तो लॅपटॉपच, हे मध्यमवर्गीय मराठी घरात आता जवळजवळ ठरून गेले आहे. मुलांचे प्रवेश-अर्ज, एमपीएससीची टेस्ट सिरीज, गृहउद्योगाची बिले, टॅलीतले हिशेब, सोसायटीची पत्रे, परगावच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल, सगळे त्याच एका यंत्रावर. नव्याची नवलाई आहे तोवर ते घरभर फिरते आणि मग एका टेबलावर, चार्जर लावलेल्या अवस्थेत, कायमचे मुक्कामाला राहते. नाव लॅपटॉपचे, काम डेस्कटॉपचे. त्याला हरकत काहीच नाही. हरकत आहे ती खरेदीच्या निकषांना. दुकानात आपण वजन किती, जाडी किती, बॅटरी किती तास चालते, असे प्रवाशाचे प्रश्न विचारतो. विक्रेता प्रोसेसरचा आकडा वाढवत नेतो आणि हातातले सगळे पैसे त्या एका यंत्रावर संपतात. चाळीस-पन्नास हजारांच्या खरेदीत हा गोंधळ फार महाग पडतो, कारण चूक निस्तरायला पुढे पैसे उरलेले नसतात. म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल, तर बजेटचा साधारण पाचवा हिस्सा लॅपटॉपच्या बाहेर ठेवावा. तो मोठा मॉनिटर, सुटा कीबोर्ड आणि माउस यांसाठी असावा, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी बिनदिक्कत घ्यावा.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. टेबलावरच ठेवायचे तर सरळ डेस्कटॉप का घेऊ नये? त्याच पैशांत तो अधिक वेगवान मिळतो, उघडून दुरुस्त करता येतो, एकेक भाग बदलता येतो. हे सगळे खरे आहे आणि ज्यांच्याकडे वीज भरवशाची, जागा मुबलक आहे त्यांनी डेस्कटॉपच घ्यावा. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. पावसाळ्यात वीज जाणे गावाला नवे नाही आणि शहरांच्या उपनगरांनाही नाही. डेस्कटॉपला यूपीएस लागतो. घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. लॅपटॉपला हा यूपीएस पोटातच असतो. बाहेरचा मॉनिटर जोडला असला आणि वीज गेली, तर मॉनिटर बंद पडतो, पण लॅपटॉपचा पडदा चालू राहतो आणि अर्धवट भरलेला अर्ज जात नाही. विजेच्या बिलातही फरक आहे. कमी विजेच्या प्रोसेसरचा लॅपटॉप लिखाण-हिशेबाच्या कामाला पंचवीसेक वॅट घेतो. मॉनिटरचे वीस वॅट धरले तरी बेरीज पंचेचाळीसच्या आसपास राहते. टॉवर आणि मॉनिटर मिळून शंभर वॅट धरले आणि रोज आठ तास काम धरले, तर महिन्याला सुमारे १३ युनिट वाचतात. हल्ली मिळणारे छोटे मिनी पीसीही वीज वाचवतात, पण त्यांना बॅटरी नसते. तेव्हा डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप आणणे हा मूर्खपणा नव्हे. फक्त जे जागेवर आणले आहे, त्याचे काम त्याच्याकडून नीट करून घ्यायला हवे.

ते काम नीट होण्याच्या आड येतो तो लॅपटॉपचा घाट. पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीने जोडलेले असतात, त्यामुळे पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर हात अधांतरी राहतात आणि हात टेबलावर टेकवले तर मान खाली जाते. तासाभराच्या कामात हे चालून जाते. रोज सहा-आठ तास बसणाऱ्याच्या मानेला आणि मनगटांना ते चालत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी, हा सर्वमान्य सल्ला एकट्या लॅपटॉपवर पाळताच येत नाही. त्यात स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी काटकसर करते ती बहुधा पडद्यावर. तपशिलाच्या तक्त्यात तळाशी २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले असते; त्याचा साधा अर्थ असा की उजेड जेमतेम आहे आणि रंग फिके दिसणार आहेत. देवनागरी वाचणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो, कारण आपल्या अक्षरांना डोक्यावर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार असतात. अक्षर बारीक आणि पडदा मंद असेल, तर रफार आणि अनुस्वार यांत फरक करताना डोळे शिणतात. २४ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ १५.६ इंची पडद्याच्या दुपटीहून अधिक असते. डावीकडे जाहिरात आणि उजवीकडे अर्ज, किंवा डावीकडे बिल आणि उजवीकडे टॅली, अशी दोन पाने शेजारी उघडता येणे हा वेग कोणत्याही प्रोसेसरने मिळत नाही. असा फुल एचडी मॉनिटर आठ-दहा हजारांत, कीबोर्ड-माउसची साधी जोडी हजार-दीड हजारात मिळते.

मग हे पैसे काढायचे कोठून? प्रोसेसरच्या नावातून. या बाजारात ग्राहकाची सर्वांत मोठी दिशाभूल आकड्यांनी होते. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांची वाटतात. प्रत्यक्षात पहिला चार कोअरचा आहे आणि त्याची रचना २०१९ मध्ये आलेल्या झेन-२ ची आहे. दुसरा सहा कोअरचा, त्यानंतरच्या झेन-३ चा. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपमधली पेंटियम आणि सेलेरॉन ही नावे काढून टाकली आणि त्या खालच्या वर्गाला नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ म्हणायला सुरुवात केली. ‘कोअर’ हा शब्द नसलेली चिप म्हणजे काय, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. उलट कोअर आय-३ १२१५यू सारखी ‘आय-३’ म्हणून नाक मुरडली जाणारी चिप सहा कोअरची आहे आणि ब्राउझर, एक्सेल, टॅली, ऑनलाइन वर्ग या कामांना पुरेशी आहे. या कामांत लॅपटॉप रखडतो तो प्रोसेसरमुळे क्वचितच. रखडतो तो रॅम कमी पडल्यामुळे. ८ जीबी रॅममधला मोठा वाटा विंडोज आणि अंगभूत ग्राफिक्सच खातात, उरलेल्यात ब्राउझरची दहा पाने आणि एक व्हिडिओ कॉल उघडला की कॉल अडखळू लागतो. म्हणून आय-५ आणि ८ जीबी यांपेक्षा आय-३ आणि १६ जीबी ही जोडी घरच्या टेबलावर अधिक काळ टिकते.

येथे अनुभवी ग्राहक म्हणेल की रॅम नंतर वाढवता येते, आज प्रोसेसर चांगला घेऊन ठेवावा. एकेकाळी हा सल्ला रास्त होता. आज त्याला दोन अडचणी आहेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि ती पुढे कधीच वाढत नाही. वर उल्लेख केलेला ७५२०यू तर अशाच रॅमवर चालतो. दुसरे म्हणजे २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि जगभर रॅमचे भाव चढले. मायक्रॉनने तर ग्राहकांना सुटी रॅम विकणारा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. ‘नंतर स्वस्तात टाकू’ हे गणित त्यामुळे बेभरवशाचे झाले आहे. तेव्हा १६ जीबी आजच घ्यावी, आणि ते जमत नसेल तर निदान रिकामा स्लॉट असलेलेच मॉडेल घ्यावे. थोडा जाड लॅपटॉप यासाठीही बरा. त्यात बहुधा स्लॉट असतात, पंख्याला हवा मिळते, लॅनची खाच असते. जो लॅपटॉप जागचा हलणार नाही, त्याच्या सडपातळपणाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरीकडे असेही सांगितले जाते की दणकट हवा तर गेमिंग लॅपटॉप घ्या. डेस्कटॉपची खरी बरोबरी तोच करतो. व्हिडिओ संपादन, ऑटोकॅड, थ्रीडी रेखाटन हे ज्यांचे पोटापाण्याचे काम आहे, त्यांच्याबाबत हे बरोबर आहे. त्यांना एच मालिकेतला ४५ वॅटचा प्रोसेसर आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतेच, आणि त्यांनी मॉनिटर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. पण हिशेब आणि अभ्यासासाठी असा लॅपटॉप घेणे म्हणजे भाजी आणायला ट्रक घेण्यासारखे आहे. जास्त उष्णता, पंख्याचा आवाज, जड चार्जर आणि वाढीव बिल हे सगळे घरात येते, आणि ज्या शक्तीसाठी ते आले ती कधी वापरलीच जात नाही. शिवाय उष्णता ही बॅटरीची शत्रू. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर खंगते, कधी फुगतेही. कायम चार्जर लावून चालणाऱ्या लॅपटॉपवर चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करणे, हा बिनपैशाचा उपाय आहे. लेनोव्हो, आसूस, डेल, एचपी या कंपन्यांच्या अनेक मॉडेलमध्ये ती सोय असते. विकताना मात्र तिचा उल्लेख सहसा होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशांचाच आहे. ज्याचे एकूण बजेट तीस हजार आहे, त्याने मॉनिटरसाठी दहा कोठून आणायचे? अशा घराने क्रम बदलावा, तत्त्व नव्हे. पहिल्या महिन्यात सुटा कीबोर्ड-माउस घ्यावा आणि लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून पडदा वर उचलावा. निम्मा फायदा तिथेच मिळतो. घरातला टीव्ही जोडावा असे अनेकांना सुचते, पण ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचे रेझोल्यूशन बहुधा १३६६ गुणिले ७६८ असते, त्यामुळे जवळून वाचताना अक्षरे ओबडधोबड दिसतात. चित्रपटाला ठीक, कामाला नाही. नूतनीकृत म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप हा दुसरा मार्ग. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारे कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप बांध्याने भक्कम असतात, बहुतेकांत रॅमचे स्लॉटही असतात. मात्र विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा लॅपटॉप लिनक्स वापरायची तयारी असेल तरच घ्यावा. ही रेघ पाळली आणि विक्रेत्याने लेखी वॉरंटी दिली, तर नूतनीकृत लॅपटॉप आणि नवा मॉनिटर ही जोडी त्याच किमतीच्या नव्या, खालच्या दर्जाच्या लॅपटॉपपेक्षा बहुतेकदा सरस ठरते.

उद्या मुलगी पुण्याला वसतिगृहात लॅपटॉप घेऊन गेली तर टेबलावरचे सामान वाया जाईल, अशीही शंका येईल. उलट आहे. लॅपटॉपचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे धरले, तर मॉनिटर आणि कीबोर्ड पुढच्या लॅपटॉपलाही जोडता येतात. एचडीएमआयची खाच दोन दशके टिकून आहे, प्रोसेसरची पिढी दर वर्षी शिळी होते. टिकणाऱ्या वस्तूवर थोडे अधिक आणि शिळ्या होणाऱ्या वस्तूवर थोडे कमी, हा हिशेब आपल्या घरांना नवा नाही.

ग्राहकाने शहाणे व्हावे एवढे म्हणून मात्र भागणार नाही, कारण शहाणे व्हायला लागणारी माहिती खोक्यावर ठळक नसते. रॅम स्लॉटमध्ये आहे की सोल्डर केलेली, टाइप-सी खाचेतून मॉनिटर चालतो की नुसता डेटा जातो, वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येणार की लॅपटॉप घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार, हे खरेदीनंतर कळते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी किती गुण, असा दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापावा लागतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि त्याच विभागाच्या समितीने २०२५ मध्ये अशा निर्देशांकाची चौकट सुचवली. तिची सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करायची आहे. लॅपटॉप त्यात मागाहून नव्हे, लगेच यायला हवा. घरातली ही मोठी खरेदी अनेक कुटुंबे हप्त्यांवर करतात. हप्ते फिटण्याआधी ती कुचकामी ठरू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. तोपर्यंत दुकानात विचारायचे प्रश्न तीनच आहेत: रॅम वाढते का, दुरुस्ती कोठे होते, आणि मॉनिटरसाठी पैसे उरतात का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर समोरचा लॅपटॉप आपल्या बजेटबाहेरचा आहे.