पडद्यावरचा डॉक्टर आणि मालकाचे कर्तव्य

कोविडच्या साथीनंतर खासगी आस्थापनांत एक नवी सवलत रूढ होत आहे. कर्मचाऱ्याला मोबाइलवर डॉक्टरचा सल्ला, तोही विनामूल्य! परळ-लालबागमध्ये जेथे गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेथे या सवलतीचे मोल ठरवताना गिरणगावाचा इतिहास विसरून चालणार नाही.

कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या गिरणी कामगाराला बिसिनोसिस हा श्वसनविकार जडत असे. सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळून येणे हे त्याचे लक्षण. छाती तपासल्याविना आणि श्वासाची क्षमता मोजल्याविना त्याचे निदान कसे व्हावे? १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर दिला, रुग्णालय दिले आणि आजारपणातील उत्पन्नाची हमीही दिली. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतले. या योजनेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. ही कोणाची कृपा नव्हे. २०१९च्या जुलैपासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगाराचा ०.७५ टक्का ठरला. स्वतःची वर्गणी भरून मिळवलेला हा हक्क आहे.

२०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. त्याहून अधिक वेतनाचा मध्यमवर्गीय नोकरदार मालकाच्या मर्जीवर राहिला. त्याच्या हाती आता मोबाइलवरचा डॉक्टर ठेवला जातो. परंतु दूरध्वनीवरून सल्ला शासनाच्या ई-संजीवनी सेवेतही विनामूल्य मिळतो. मग मालकाने अधिक काय दिले?

दूरवैद्यक त्याज्य आहे, असे मुळीच नाही. विरार-बदलापूरहून लोकलने येणाऱ्या मधुमेहीला दर वेळी दवाखाना गाठण्याची गरज नसते. पण २५ मार्च २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही रुग्णाला प्रत्यक्ष तपासण्याची गरज आहे की नाही, याचा निर्णय डॉक्टरच्या विवेकावर सोपवला आहे. रुग्णाला प्रत्यक्ष या, असे सांगितल्यावर त्या दिवसाची रजा कोण देणार? पडद्यावरचा डॉक्टर गोळी लिहून देतो. विश्रांती देत नाही. जेवणाच्या सुटीत, त्याच खुर्चीत बसून घेतलेल्या सल्ल्यात कर्मचाऱ्याची सोय किती आणि कंपनीचे वाचलेले मनुष्यतास किती, याचा हिशेब कधी मांडला जाणार?

आणखी एक प्रश्न. त्याच इमारतीच्या दारावरचा कंत्राटी रखवालदार, लादी पुसणारी भगिनी यांना ही सवलत आहे काय? एका छताखाली दोन प्रकारचे आरोग्य नांदत असेल, तर त्याला कुटुंबभावना म्हणता येत नाही.

म्हणून नोकरदारांनी मागणी स्पष्ट करावी. मोबाइलवरच्या सल्ल्याला जोडून सवेतन रजा आणि जवळच्या रुग्णालयातील तपासणी हवी. कंत्राटी कामगारही त्यात हवा. आणि आजाराची माहिती मालकाच्या हाती जाता कामा नये. एवढे नसेल, तर ती सवलत नव्हे, जबाबदारी झटकण्याची युक्ती आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले. श्रमिकाच्या देहाप्रती असलेले कर्तव्य मात्र संपलेले नाही.