माजी सैनिकांचे अपंगत्व आणि आपले रुग्णपत्रक

जालना, अंबड, भोकरदन, मंठा या भागांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे कटिशूल, गृध्रसी, संधिवात, मधुमेह अशा तक्रारी घेऊन माजी सैनिक येत असतात. आपण त्यांना तैल, गुग्गुळ, बस्ती योजतो. परंतु त्यांच्यापैकी काहींचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा एकाच प्रश्नावर अडलेला असतो, याकडे आपले लक्ष जात नाही. तो प्रश्न असा : व्याधी सेवेमुळे झाली की ती पूर्वीचीच होती?

कायद्याने यासाठी दोन मार्ग मानले आहेत. व्याधी सेवेमुळे उद्भवलेली असावी किंवा सेवेमुळे बळावलेली असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात १९८२ च्या नियमांच्या आधारे महत्त्वाचा निर्णय दिला. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल आणि पुढे वैद्यकीय कारणावरून सैनिकास सेवामुक्त केले असेल, तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले असून, त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी ते स्वतंत्रपणे पाहावेत.

हा विचार आयुर्वेदास नवा नाही. सुश्रुताचार्यांनी प्राक्केवल व औपसर्गिक असा व्याधींचा भेद केला आहे. चरकाचार्यांनी एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण कसा होतो, हे निदानार्थकर रोगाच्या विवेचनात दाखविले आहे. गुडघ्याच्या जुन्या आघाताने लंगडत चालणाऱ्याचा कटिशूल स्वतंत्र व्याधी म्हणून लिहिला, तर मूळ कारण कागदावरून पुसले जाते. सुप्त दोषास व्यक्त करणारा व्यंजक हेतू आपण पाठ केलेला आहे. शीत, अतिश्रम, रात्रिजागरण यांची नोंद मात्र रुग्णपत्रकात क्वचितच आढळते.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना काही सूचना कराव्याशा वाटतात. लक्षणे केव्हा व कोठे सुरू झाली, हे रुग्णाच्या शब्दांत दिनांकासह लिहावे. खात्री नसता ‘जुनी व्याधी’ असे लिहू नये. त्या दोन शब्दांचा अर्थ ‘भरतीपूर्वीची’ असा घेतला जाऊ शकतो. ‘वातप्रकृती’ ही नोंद व्याधीच्या कारणाच्या रकान्यात येऊ देऊ नये. व्याधी जन्मजात असल्याचा गैरसमज त्यातून होण्याचा संभव आहे. औषधालयांच्या मालकांनीही देयकावर रुग्णाचे नाव व दिनांक न चुकता घालावा.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपले प्रमाणपत्र सैनिकी वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायाची जागा घेऊ शकत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. दयेपोटी मागील दिनांक घालणे हा अपराध आहे. शिवाय असा एक खोटा कागद दहा खऱ्या कागदांची किंमत घालवितो. दाव्यासाठी रुग्णास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावे. तेथे दाद न लागल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

सैनिकाने सीमेवर आपले कर्तव्य केले. आपल्या वाट्याचे कर्तव्य तुलनेने सोपे आहे : खरे लिहावे, पूर्ण लिहावे आणि लिहिलेले जपून ठेवावे.